कोरड्या घशाची अकॅडमी

आमच्या सरांचा पाण्यावर राग होता. म्हणजे दुसऱ्याने प्यायलेल्या पाण्यावर. स्वतःच्या पाण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

बीडच्या बाहेर, बायपासच्या खालच्या अंगाला, एक पडीक वावर सपाट करून त्यांनी मैदान केलं होतं. गेट म्हणजे दोन बांबू आणि त्यावर त्यांच्याच फोटोचा फ्लेक्स. काळा गॉगल, हाताची घडी, नजर लांब कुठेतरी. फ्लेक्सवाल्याने मागे बर्फाचे डोंगर घातले होते. खाली लिहिलं होतं की पोलीस, सैन्य, वनरक्षक, कुठलीही भरती असो, इथे आला तो लागलाच. कोण कोण लागलं, ते मात्र लिहिलं नव्हतं. सर आधी गेवराईला जिम चालवायचे, ती बंद पडली म्हणून इकडे आले, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला ते 'कमांडो ट्रेनिंग झालंय' एवढंच सांगायचे. कुठे झालं, कधी झालं, हे विचारायची अक्कल आमच्यातल्या एकालाही नव्हती. मला तर नव्हतीच.

मी तिथे दीड वर्ष काढलं. आम्ही अकरा मुली आणि चाळीसेक मुलं. सकाळी साडेपाचला शिट्टी व्हायची. आम्ही पळायला लागायचो आणि सर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. शेजारी स्टुलावर गार पाण्याचा जार. त्याची तोटी दाबली की खळखळ आवाज व्हायचा आणि तो आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू यायचा, निदान आम्हाला तरी. सर ग्लास भरायचे, एक घोट घ्यायचे, बाकीचं पाणी पायाशी ओतून टाकायचे आणि शिट्टी वाजवायचे.

त्यांचा सिद्धांत असा होता. "पाणी पिलं की पोटात डुचमळतंय. डुचमळलं की स्पीड गेला. घसा कोरडा असला की माणूस जिद्दीनं पळतंय. समजलं का?"

"हो सर!" आम्ही ओरडायचो. कोरड्या घशाने ओरडलेलं 'हो सर' फार जोरात येत नाही, मग ते परत ओरडायला लावायचे.

एकदा एका मुलाने फेऱ्यांच्या मधे रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या नळाला तोंड लावलं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या आणि वर म्हणाले, "म्हशीला डबकं दिसलं की म्हैस बसली. तसलंय हे." तेव्हापासून ज्याच्या हातात बाटली दिसेल त्याला मुलं 'ए म्हैस' म्हणून हाक मारायची. हीच मुलं खोलीवर जाऊन डब्यातली कसलीशी लाल पावडर कोरडीच तोंडात टाकायची, खोकायची आणि दंड फुगवून आरशात बघायची. पाणी पिणारा म्हैस आणि पावडर खाणारा वाघ, अशी तिथली प्राण्यांची वाटणी होती.

मुलींना सरांच्या सिद्धांताची तशी गरजच नव्हती. आमच्याकडे आमचं स्वतःचं कारण होतं. मैदानावर संडास नव्हता. मुतारी नव्हती. आडोसा म्हणावा असं एक बाभळीचं झाड होतं, आणि त्याच्या पलीकडून वाळूच्या गाड्या जायच्या, त्यावर बसलेले लोक खाली बघायचे. मुलं कुठेही पाठ करून उभी राहायची. आम्ही काय करणार? साडेपाच ते नऊ मैदानावर, मग तिथूनच लेखीच्या क्लासला, आणि क्लासच्या संडासाला कायम कुलूप, कारण 'मुली घाण करतात'. मग आम्ही एक शक्कल काढली होती. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. सकाळी उठल्यावर फक्त चूळ भरायची. दुपारी खोलीवर परत येईपर्यंत काही अडचण यायची नाही.

ही शक्कल मी काढली होती, असं मी त्या वेळी अभिमानाने सांगायचे. नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्याच दिवशी शिकवायचे, मोठ्या बहिणीच्या थाटात. डोकं दुखलं तर गोळी घ्यायची. लघवीला आग झाली तर दोन दिवस तशीच होते, मग सवय होते. माझ्या या ज्ञानाकडे आज बघितलं की मला सरांची कीव येते. ते निदान मूर्ख होते. मी बारावी सायन्स झालेली होते.

माझ्या खोलीत जी मुलगी राहायला आली ती गेवराईकडच्या एका खेड्यातली. आईबाप ऊसतोडीला जायचे. लहानपणाची निम्मी वर्षं तिची कारखान्यांच्या तळावर, पाचटाच्या कोपीत गेलेली. सडपातळ, सावळी, पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या. पहिल्या दिवशी ती मैदानावर दोन लिटरची बाटली घेऊन आली, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं. आम्ही सगळ्या हसलो. मुलं 'म्हैस' म्हणाली. तिला काही वाटलं नाही. तिने पळायच्या आधी पाणी प्यायलं, मधे प्यायलं, शेवटी प्यायलं आणि आठशे मीटरला आमच्यापेक्षा निम्मी फेरी पुढे राहिली.

सरांनी तिला बोलावलं. मला वाटलं शाबासकी देतील.

"नवीन हाय का?"

"हो सर."

"बाटली उद्यापास्नं दिसली न्हाई पाह्यजे. पाणी न पिता तू अजून दहा सेकंद कमी करशील."

ती खोलीवर आल्यावर मला म्हणाली, "ताई, पाणी कावून न्हाई प्यायचं? मला तर काय डुचमळलं न्हाई."

तेव्हा मी तिला समजावून सांगितलं. सरांना अनुभव आहे. शिवाय लघवीला कुठे जाणार? तिने विचार केला. "आमी तळावर लांब जायचो अंधारात. हितं तर तेबी न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने बाटली खोलीवर ठेवली. आठवड्याभरात तीही आमच्यासारखीच सात वाजता पाणी सोडायला लागली. तिच्या ओठांच्या कडा फाटल्या, मी तिला व्हॅसलीन दिलं. फार मोठा उपकार केल्यासारखं दिलं.

मे महिना आला. सरांच्या डोक्यात कार्यक्रम आला. आमच्या भागातले एक होतकरू पुढारी, जे अजून कशावरही निवडून आले नव्हते, ते अकॅडमीला टी-शर्ट देणार होते. टी-शर्टवर पुढे पुढाऱ्यांचा फोटो, मागे सरांचा. काळा, जाड, प्लास्टिकसारखा कपडा. पुढाऱ्यांसमोर मुलींच्या आठशे मीटरची शर्यत होणार होती, कारण त्यांना महिलांबद्दल बोलायचं होतं आणि बोलायला समोर महिला लागतात.

कार्यक्रम सातला होता. आम्ही सहालाच ते काळे शर्ट चढवून रांगेत उभ्या होतो. सात वाजले, आठ वाजले. सर फोनवर बोलायचे आणि आम्हाला सांगायचे, "निघालेत. पाच मिनिटं." मांडव एकच, तोही पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. नऊ वाजता मी बाभळीच्या सावलीला सरकले, तर सरांनी शिट्टी मारून परत रांगेत घेतलं. "फोटोत लाईन सरळ दिसली पाह्यजे." बीडचं मे महिन्याचं ऊन नऊलाच डोक्यात टोचायला लागतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही.

माझ्या खोलीतली ती मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिने एकदा विचारलं, "ताई, एक घोट मारून येऊ का जारातला?"

मी म्हणाले, "वेडी आहेस का? सगळ्यांसमोर?"

हे वाक्य माझं आहे. सरांचं नाही.

साडेदहाला तीन गाड्या आल्या. पुढारी उतरले, त्यांच्या मागे फोटोवाला उतरला, त्याच्या मागे हार उतरले. पुढारी माइकवर बोलले. आजची मुलगी अबला नाही, असं ते म्हणाले. चार वेळा म्हणाले. आम्हाला उन्हात उभं करून ते सावलीतून हे सांगत होते आणि मधेमधे टॉवेलने मान पुसत होते. मग सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही पळालो.

पहिली फेरी ती नेहमीसारखी पळाली. आमच्या सगळ्यांच्या पुढे, हात अंगालगत, मान सरळ. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा एक पाय वाकडा पडला. मला वाटलं खड्डा असेल. मग ती चुन्याची रेघ सोडून बाहेर गेली, परत आत आली, परत बाहेर गेली. दारू प्यायलेला माणूस घरचा रस्ता शोधतो तशी. आणि मग ती मैदान सोडून सरळ बाभळीकडेच चालत निघाली. शर्यत आहे हे तिला माहीतच नसल्यासारखी. चार पावलांवर गुडघ्यावर बसली आणि आडवी झाली.

मी पळत तिच्याकडे गेले. हात लावला तर अंग तव्यासारखं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"ट्रॅक्टर आला का?" तिने विचारलं. "मोळी ऱ्हायली माझी."

मी तिचं नाव घेतलं, गालावर चापट्या मारल्या. ती परत ट्रॅक्टरचंच विचारत होती. मग तिला ओकारी झाली.

तोपर्यंत सगळे गोळा झाले होते. "फिट आली, फिट आली! चप्पल हुंगवा!" असं एक मुलगा ओरडला आणि खरंच त्याने पायातली काढली. सर आले. त्यांनी आधी मागे वळून पुढाऱ्यांकडे बघितलं आणि मग खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "उठ. उठ लवकर. पाव्हण्यासमोर नाटक करायचं न्हाई."

ती उठली नाही. फोटोवाल्याने फोटो काढला. पुढारी मांडवातूनच माइकवर म्हणाले, "ताईंना वारा येऊ द्या, वारा येऊ द्या." वारा यावा म्हणून कोणी हललं नाही.

मी धावत लिंबाखाली गेले आणि जार उचलला. अर्धा भरलेला होता, तरी एरवी मला तो उचलला गेला नसता. सर मागून ओरडले, "ए! ए! ते पाव्हण्यासाठी हाय!"

माणूस आयुष्यात बऱ्याच गोष्टी विसरतो. ते वाक्य मी विसरणार नाही, आणि कोणी मला ते विसरायला सांगू नये. मी जार तसाच नेला, झाकण काढलं आणि तिच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर, त्या काळ्या शर्टावर, त्यावरच्या दोन्ही फोटोंवर सगळा ओतला.

माइक आणि भोंगे घेऊन आलेला ॲटोवाला गेटजवळ उभा होता. पन्नाशीचा, पांढरी टोपी, दाढी. तो न बोलावता ॲटो थेट आत घेऊन आला. त्याने आणि मी तिला उचलून ठेवलं. भोंगे तसेच खाली मैदानात फेकले. आणखी एक मुलगी चढली.

"पाणी तोंडात वतू नको, ठसका लागंल," तो म्हणाला. "शुद्धीवर न्हाई ती. टाळूवर वत, काखंत वत. त्यो शर्ट फाड, दम घुटतोय तिचा." त्याने स्वतःचा टॉवेल सीटखालच्या कॅनमधल्या पाण्यात बुचकळून माझ्याकडे फेकला आणि ॲटो असा काढला की बायपासचे खड्डे आम्हाला लागलेच नाहीत, किंवा लागले असतील तर मला आठवत नाहीत.

रस्त्यात त्याने एकदाच मागे वळून विचारलं, "तुमच्या त्या सराकडं एवढे माणसं, एवढे फ्लेक्स. पोरींना प्यायला पाणी न्हाई ठिवलं?"

मी शर्ट दातांनी फाडत होते.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर बाई होत्या. माझ्याहून फार तर पाचसहा वर्षांनी मोठ्या, चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी तिला बघितलं, ताप मोजला आणि पुढची वीस मिनिटं आवाज न चढवता दोन सिस्टर आणि एका मावशींना कामाला लावलं. ओल्या चादरी. पंखा. कुठूनतरी बर्फ. दोन्ही हातांना सलाईन. मी भिंतीला टेकून उभी होते. बऱ्याच वेळाने तिने पापण्या हलवल्या आणि "ताई" म्हणाली. ट्रॅक्टर म्हणाली नाही. मी तिथेच खाली बसले.

डॉक्टर माझ्याकडे आल्या. "हिने शेवटचं पाणी कधी प्यायलं?"

"काल संध्याकाळी. सात वाजता."

"उपास होता?"

"नाही."

"मग?"

मी त्यांना सांगितलं. सरांचं सांगितलं, संडासाचं सांगितलं. माझं सांगितलं नाही. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय होणार म्हणालात?"

"पोलीस."

"उद्या मोर्चाला आठ तास उन्हात उभं करतील तेव्हा काय करणार? सात वाजता पाणी बंद?"

मला रडू आलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी मला बाहेर नेलं आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. पळायच्या दोन तास आधीपासून थोडं थोडं पाणी. मधे घोट घोट. खूप घाम गेला तर नुसतं पाणी ढोसायचं नाही, मीठ-साखर घातलेलं प्यायचं. उन्हात साडेदहाला पळायचंच नाही, कितीही पाणी प्यायलं तरी. लघवीचा रंग बघायचा, फिकट असली पाहिजे. "तुमची कशी असते?" त्यांनी विचारलं.

"पिवळी. गडद."

"किती दिवसांपासून?"

मी म्हणाले, "दीड वर्ष." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि निघून गेल्या. मला आजवर कोणी इतकं सभ्यपणे मूर्ख म्हटलेलं नाही.

मैत्रिणीची लघवी चहाच्या रंगाची होत होती. किडनीवर ताण आलाय, असं सिस्टर म्हणाल्या. चारपाच दिवस ठेवावं लागणार होतं.

दुपारी सर आले. गॉगल डोक्यावर, हातात दोन शहाळी. त्यांनी ती तिच्या उशाशी ठेवली, मोबाईल दुसऱ्या मुलाच्या हातात दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटो काढून घेतला. हात बरोबर फोटोपुरता होता. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बग, तू शहाणी हायस. कोणी विचारलं तर उपास होता म्हण. पोरींचे काय, सतरा उपास असत्यात. अकॅडमीचं नाव खराब झालं तर नुकसान तुमचंच हाय. भरती तोंडावर आली."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. हे मी लपवत नाही. जार उचलणारी मीच होते आणि चार तासांनी ही मान हलवणारीही मीच. ते गेल्यावर मी शहाळ्यांकडे बघितलं. फोडायला कोयता नव्हता, त्यामुळे ती तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. हंगाम संपून आईबाप गावाकडे आलेले होते. बाप दारात उभा राहिला, त्याला आत यायचं सुचेना. आई आत आली, काटक, ठसठशीत कुंकू, तळहात कोयत्याने घट्टे पडलेले. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, नख बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली. मग कॉटवर बसली आणि म्हणाली, "सिस्टर म्हणतीय, पाण्यावाचून झालं. खरं हाय का?"

पोरीने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"माझी लेकरं दुधावर न्हाई, पाण्यावर वाढल्यात. तळावर ही तीन वर्षाची होती तवापास्नं स्वतःची बाटली स्वतः भरायची. हिला पाणी न पिता पळायचं कोणी शिकवलं?"

मला वाटलं मैत्रीण सरांचं नाव घेईल. तिने नाव घेतलं नाही. ती खिडकीकडे बघायला लागली. माझ्यासाठी ती गप्प बसली, हे मला कळलं. आणि ते सहन झालं नाही.

"मी," मी म्हणाले. "मी शिकवलं, मावशी."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"शिकलेली दिसतीस," ती म्हणाली.

"हो."

"आमी फडात पहाटं उतरतो. आदी कॅन भरून बांधावर ठिवतो, मंग कोयता हातात घेतो. मुकादम किती बी बोंबलू दे, पाण्याला थांबायचं म्हंजी थांबायचं. एकदा एका बाईला चक्कर आली, तवापास्नं आमची टोळी कोणाचं ऐकत न्हाई. लिहिता येत न्हाई आमाला, पर एवढं कळतंय." मग तिने पदराने लेकीचं कपाळ पुसलं. "तुझी आई काय करती?"

"शेळ्या राखते. लिंबागणेशजवळ."

"तिला इचार जा, शेळ्यांना पाणी कवा दाखवती."

एवढं बोलून तिने पिशवीतून पितळी तांब्या काढला, त्यात मीठ-गुळाचं पाणी होतं, आणि ती लेकीला चमच्याने पाजायला लागली. माझ्याशी परत बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. हातात दोन लिटरची बाटली, ओलं फडकं गुंडाळलेली. शिट्टी झाली, सगळे पळायला लागले, मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायले. घटाघटा नाही, सावकाश. मुलं 'म्हैस, म्हैस' करायला लागली, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

सर खुर्चीतून उठले. दीड वर्षात मी त्यांना एवढ्या चपळाईने उठलेलं पहिल्यांदाच बघितलं. "अकॅडमीचे नियम हायत," ते म्हणाले.

"तिचा उपास नव्हता, सर," मी म्हणाले. "डॉक्टरांना मी खरं सांगितलंय. तिच्या आईलाही सांगितलंय. अजून कोणी विचारलं तर त्यांनाही सांगणार."

"मंग हितं पळायचं न्हाई."

"नाहीच पळायचं. मी निघाले." मी मुलींकडे वळले. "कोण येतंय?"

नऊ जणी होत्या. त्यातल्या सातजणींनी आपापल्या बुटांच्या नाड्या बघितल्या. एकीने घाईघाईने नाडी सोडून परत बांधलीसुद्धा. दोघी आल्या. बाकीच्यांना मी त्या दिवशी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. आता घालत नाही, पण त्यांच्याबद्दल मत बदललेलं नाही. ज्यांनी तिला पडताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून पळाल्या, त्यांना मी भोळ्या म्हणणार नाही.

त्या दोघींना घेऊन मी गावी आले. आईला विचारलं, शेळ्यांना पाणी कधी दाखवतेस? ती माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिली. "कवा म्हंजी? नेताना, मधी, आन् आणताना. कावून?" मी म्हणाले, "काही नाही."

आमच्या गावच्या शाळेचं मैदान बरं होतं, पण तिथेही तीच अडचण. संडास होता, कुलूप होतं. मी मुख्याध्यापक बाईंच्या घरी गेले आणि सरळ बोलले, की मुलींनी पाणी प्यावं असं वाटत असेल तर आधी किल्ली द्या. त्या आधी म्हणाल्या नियम बघावा लागेल. मग त्यांनी मला सगळं विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "स्वच्छ ठेवा." आम्ही ठेवला. इतकी मोठी भानगड, आणि गोष्ट एका पितळी कुलपाची होती. दीड वर्ष आम्ही पाण्याशी भांडत बसलो होतो.

त्या भरतीला मैत्रीण उतरू शकली नाही. डॉक्टरांनी सहा महिने पळायला मनाई केली होती. मी उतरले. मैदानात चांगले मार्क पडले, लेखीत गेले. त्याचं खापर मी कोणावरही फोडत नाही, अंकगणित मला कधीच जमलं नाही. पुढच्या भरतीला ती लागली. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे, बंदोबस्ताला उभी राहते. बॅगेत पाणी असतं का, असं मी फोनवर विचारलं की ती म्हणते, "ताई, तू विचारू नको गं ते." ती हसून म्हणते, पण खरंच म्हणते.

सरांचं काहीही झालं नाही. असल्या माणसांचं काही होत नसतं. अकॅडमी मोठी झाली, मैदानाला तारेचं कुंपण झालं. आणि आता त्यांचा नवीन सिद्धांत आहे. मागच्या उन्हाळ्यात बीडला बसस्टँडच्या समोर त्यांचा फ्लेक्स बघितला. 'पाणी हीच ताकद.' खाली निळ्या पावडरची पुडी, तिच्यावर त्यांचा फोटो, 'खेळाडूंसाठी खास'. त्यांच्याकडची एक मुलगी मला म्हणाली की सर पहिल्यापासूनच सांगतात, पाण्याशिवाय पळायचं नाही. मी तिला काही सांगितलं नाही. निदान ती पाणी तरी पिते आहे. पावडरीत काय असेल, मीठ आणि साखर आणि निळा रंग. रंगाचे तेवढे पैसे ते घेत असतील.

मी शाळेच्या मैदानावर अजून असते. गावातल्या आणि आजूबाजूच्या मुली पहाटे येतात, सध्या चौदा आहेत. मी कोणाला अकॅडमी म्हणू देत नाही. फ्लेक्स नाही. पळायच्या आधी बाटल्या रांगेत ठेवायच्या, संडासची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, विचारून न्यायची गरज नाही. ऊन चढायच्या आत सुट्टी.

गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगी आली. पळून झाल्यावर बाकीच्या पाणी पीत होत्या, ही बाटली हातात धरून नुसती उभी. ओठ कोरडे.

"पी की," मी म्हणाले.

"नको मॅडम. मला सवय हाय. मी लई वेळ बिनपाण्याची राहू शकते." तिला वाटत होतं मी खूश होईन.

मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की वर्गात झाडणाऱ्या मावशी बाहेर आल्या. मुलगी रडायला लागली. मग मी तिच्याजवळ बसले आणि ती निम्मी बाटली संपेपर्यंत उठले नाही. एकेक घोट, मधे थांबून, परत एक घोट.